उमेदवारांचे मूल्यमापन अहवाल आपोआप तयार करताना: एक्सेल, वर्ड आणि आधी लिहून ठेवायची वाक्यं

गैरहजर मुलाला शून्य मार्क देणारा अहवाल मी एकदा प्रॉडक्शन हेडच्या टेबलावर ठेवला होता. त्या मुलाने लेखी परीक्षा दिली होती. प्रॅक्टिकलच्या दिवशी त्याला येणं जमलं नाही आणि तसं त्याने फोन करून कळवलंही होतं. एक्सेलमध्ये त्याचा प्रॅक्टिकलचा सेल रिकामा होता. पुढच्या शीटवरच्या फॉर्म्युल्याने त्या रिकाम्याचं शून्य केलं, शून्यावरून पट्टा (म्हणजे मार्कांचा गट) ठरला, पट्ट्यावरून वाक्य उचललं गेलं आणि छापून आलं: "मापन उपकरणं हाताळण्याची प्राथमिक माहितीही दिसत नाही." अक्षर सुबक, लोगो जागच्या जागी, खाली सहीची रेघ. साहेबांनी फुली मारली. चार दिवसांनी त्या मुलानेच "मॅडम, माझं प्रॅक्टिकल कधी घेताय?" म्हणून विचारलं, तेव्हा आमच्या लक्षात आलं.

हे हाताने लिहिलं असतं तर ही चूक झालीच नसती. ज्याला पाहिलंच नाही त्याच्याबद्दल असं वाक्य लिहिताना हात अडखळतो. मशीनचा अडखळत नाही. म्हणून हे अहवाल आपोआप निघावेत असं वाटत असेल तर तो अडखळा आपणच साच्यात घालून ठेवावा लागतो. खाली जी पद्धत देते आहे ती चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात दर उन्हाळ्यानंतर शंभर-दीडशे डिप्लोमा ट्रेनींची परीक्षा घेताना घासून घासून तयार झालेली आहे. लागतं ते एक्सेल आणि वर्ड, जे प्रत्येक ऑफिसात असतंच. महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी वाक्यं आणि रिकाम्या सेलचा प्रश्न तुम्हालाच सोडवायचा आहे, तो ते सॉफ्टवेअर सोडवत नाही.

आधी तीन अहवाल हाताने लिहा

वर्ड उघडून लोगो चिकटवण्यापासून सुरुवात करू नका. मागच्या भरतीतले तीन उमेदवार घ्या: एक चांगला, एक मधला आणि एक अर्धवट, म्हणजे ज्याची एखादी फेरी झालेलीच नाही असा. तिघांचे अहवाल साध्या कागदावर पेनाने लिहा आणि ज्याला ते वाचायचे आहेत त्याच्यासमोर ठेवा. आमच्याकडे वाचणारा म्हणजे टूलरूमचा किंवा क्वालिटीचा हेड. तो मुलाखतीला बसण्याआधी दोन मिनिटं कागद बघतो. दुसरं पान तो उलटत नाही हे मला पहिल्याच वर्षी कळलं, तेव्हापासून आमचा अहवाल एका पानाचा आहे.

त्या तीन कागदांवर साहेब कुठे बोट ठेवतात ते पाहा. आमच्या साहेबांनी एकूण टक्क्यांकडे बघितलंच नाही. ते विचारत होते, "मायक्रोमीटर वाचता येतो का? ड्रॉइंग कळतं का?" म्हणून आमच्या अहवालात वरती चार कौशल्यांच्या चार ओळी असतात: हिशेब आणि तर्क, ड्रॉइंग वाचन, मापन उपकरणांचं प्रॅक्टिकल, आणि साहेबांच्या मुलाखतीआधी झालेली पहिली मुलाखत. एकूण बेरीज सगळ्यात खाली, लहान अक्षरात.

याच टप्प्यावर ठरवा की अहवालात काय येणार नाही. जात, धर्म, लग्न झालंय की नाही, आधार क्रमांक, घरचा पूर्ण पत्ता यांतलं काहीही मूल्यमापनाला लागत नाही. भरतीच्या अर्जात ते असतं म्हणून साच्यात सरकू देऊ नका. फोटोही मी काढून टाकला. ओळख पटवायला हजेरीपटावर फोटो आहे, तेवढा पुरे.

एक्सेलची तीन शीट

सगळा विचार एक्सेलमध्ये आणि वर्डमध्ये फक्त छपाई (मेल मर्ज, म्हणजे एक्सेलच्या प्रत्येक ओळीचं एक पान), ही विभागणी पक्की ठेवा. वर्डलाही अटी कळतात, मेलिंग्ज टॅबवर रूल्समध्ये 'इफ, देन, एल्स' आहे, पण एकात एक तीन अटी अडकवल्या की सहा महिन्यांनी ते कोडं स्वतःलाही सुटत नाही. एक्सेलमध्ये निदान प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर असते.

पहिलं शीट 'कच्चे मार्क'. एका उमेदवाराची एकच ओळ, वरच्या ओळीत रकान्यांची नावं, मधे मर्ज केलेले सेल नाहीत, रंगीत मथळे नाहीत. उमेदवार क्रमांक हा पहिला रकाना, आणि तो टेक्स्ट म्हणून साठवा, नाहीतर ००१७ चा १७ होतो. रकान्यांची नावं मी रोमन लिपीत, छोटी आणि मधे जागा न सोडता ठेवते, कारण वर्ड मर्ज फील्डच्या (साच्यात रकान्यातली माहिती येते त्या जागेच्या) नावात जागेऐवजी अंडरस्कोर घालतं आणि मग शोधाशोध होते. इथे वाचायला सोपं जावं म्हणून ती देवनागरीत लिहिते आहे.

ऑनलाइन परीक्षेतून मार्क सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये आले असतील तर फाइलवर डबल क्लिक करू नका. मराठी नावांच्या जागी बऱ्याचदा चिन्हांचा चिवडा दिसतो. डेटा टॅबवरून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१, यूटीएफ-८ निवडा. आणखी एक: जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे कृतिदेव वगैरेत टाइप केलेली नावं इथे चालणार नाहीत. ती आधी युनिकोडमध्ये आणून घ्या.

दुसरं शीट 'वाक्यं'. त्याकडे पुढे येते, कारण खरं काम तिथे आहे.

तिसरं शीट 'छपाई'. वर्ड फक्त हेच शीट वाचणार. इथे प्रत्येक सेलमध्ये फॉर्म्युला आणि प्रत्येक फॉर्म्युल्याचं उत्तर मजकूर, म्हणजे टेक्स्ट. हे असं का, तर वर्ड एक्सेलमधला दिसणारा आकडा घेत नाही, आतला घेतो. तुम्हाला सेलमध्ये ७८.५ टक्के दिसत असतं आणि अहवालात ०.७८५ छापून येतं. परीक्षेची तारीख अमेरिकी पद्धतीने महिना आधी, दिवस नंतर अशी उलटी येते. ५ जुलैचा ७ मे झाला तरी कोणाला संशयही येत नाही. वर्डमध्ये ऑल्ट आणि एफ९ दाबून फील्ड कोडमध्ये स्विच घालून हे दुरुस्त करता येतं, पण त्यापेक्षा एक्सेलच्या 'टेक्स्ट' फंक्शनने तारीख आणि आकडा हव्या त्या रूपात आधीच मजकूर करून टाकला की वर्डला काही करायला जागाच उरत नाही. अंक आम्ही इंग्रजीच (1, 2, 3) ठेवले. ड्रॉइंगवर, मायक्रोमीटरवर तेच असतात.

पट्टे ठरवायला व्हीलुकअप (तक्त्यात शोधून शेजारचं उत्तर आणणारं फंक्शन) पुरतं. छोट्या तक्त्यात खालच्या मर्यादा चढत्या क्रमाने लिहा: ०, ४०, ६०, ८०, आणि शेजारी पट्टा १ ते ४. व्हीलुकअपचा शेवटचा भाग 'ट्रू' ठेवला की ६३ टक्क्यांना तो ६० ची ओळ पकडतो. क्रम चढता नसेल तर मुकाट्याने चुकीचं उत्तर देतो, एररही दाखवत नाही. आणि पट्टा काढण्याआधी आकडा 'राउंड' करा. नाहीतर भारांकाने (वेगवेगळ्या भागांना कमीजास्त वजन देऊन) आलेले ५९.६ सेलमध्ये ६० दिसतात, छापूनही ६० येतात, पण वाक्य येतं खालच्या पट्ट्याचं. वाचणाऱ्याला तेवढी विसंगती दिसली की बाकी अहवालावरचाही विश्वास जातो.

आता टक्क्यांबद्दल. आमच्या तर्काच्या परीक्षेत २० प्रश्न आहेत, म्हणजे एक प्रश्न ५ टक्क्यांचा. ११ बरोबर आले तर ५५ टक्के, १२ आले तर ६०. दोन पट्ट्यांतलं अंतर एका प्रश्नाचं, आणि तो प्रश्न चहाच्या घाईत चुकलेला असू शकतो. म्हणून अहवालात मी टक्के छापत नाही, '२० पैकी १२' छापते. पर्सेंटाइल तर मुळीच नाही. ४० जणांच्या गटात एक माणूस म्हणजे अडीच पर्सेंटाइल. तो आकडा भारदस्त दिसतो, त्यात दम काही नसतो.

रिकामं, शून्य, गैरहजर

कच्च्या मार्कांच्या शीटमध्ये एकही सेल रिकामा राहता कामा नये. आला नाही तर 'गैह', फेरी लागूच नव्हती तर 'लाना', निकाल यायचा आहे तर 'बाकी'. डेटा व्हॅलिडेशन लावून या तीन खुणा आणि ० ते कमाल मार्क एवढंच टाइप होईल असं करा. खरं शून्य मिळालं असेल तर शून्य टाइप करावं लागेल, आणि तेच बरं आहे.

छपाईच्या शीटमधला प्रत्येक फॉर्म्युला आधी विचारतो की समोर आकडा आहे का. त्यासाठी 'इझनंबर' फंक्शन आहे. आकडा नसेल तर पट्टा काढायचाच नाही, खुणेनुसार वाक्य उचलायचं: "प्रॅक्टिकलला उपस्थित नव्हते म्हणून या कौशल्याबद्दल मत नोंदवलेलं नाही." आणि कुठल्याही फेरीला 'गैह' किंवा 'बाकी' असेल तर खालच्या एकूण बेरजेच्या जागी आकडा न येता 'मूल्यमापन अपूर्ण' असं येतं. ही एक अट घातल्यावर त्या पोरासारखा प्रकार पुन्हा झालेला नाही.

(वरच्या वाक्यात 'उपस्थित नव्हते' लिहिलं आणि पुढच्या वर्षी एका मुलीच्या अहवालात ते तसंच छापून आलं. पुढचा भाग त्यामुळेच शिकले.)

वाक्यं: मराठीत साचा लिहिण्याची गोम

इंग्रजीतला तयार साचा घेऊन त्याचं मराठी करायला जाल तर दहा मिनिटांत अडकाल. तिथे नावाच्या जागी नाव टाकलं की वाक्य तयार. मराठीत नाव बदललं की क्रियापद बदलतं, विशेषण बदलतं, नावाला प्रत्यय लागला की नावच बदलतं. 'काळे' ला 'नी' लावलं की 'काळ्यांनी'. मशीनला हे कळत नाही, ती 'काळेनी' छापते आणि अहवाल परप्रांतीय वाटायला लागतो.

यावर उपाय भाषेतच आहे. नावाला प्रत्यय न लावता पुढे 'यांनी', 'यांचा', 'यांना' लावा. 'काळे यांनी', 'पाटील यांनी', 'शेख यांनी', सगळं सुरळीत. मग क्रियापद असं निवडा की ते माणसाशी न जुळता वस्तूशी जुळेल. "यांनी २० पैकी १२ प्रश्न बरोबर सोडवले" यातलं 'सोडवले' प्रश्नांमागे जातं, त्यामुळे मुलगा असो वा मुलगी, वाक्य तेच राहतं. याउलट 'पोहोचले', 'म्हणाले', 'गोंधळले', 'उपस्थित होते' ही क्रियापदं माणसाच्या लिंगाप्रमाणे बदलतात. ती साच्यात नकोत. 'उपस्थित नव्हते' च्या जागी आता आमच्याकडे 'प्रॅक्टिकल झालेलं नाही' असं आहे. 'यांचा', 'यांची' हे तर पुढच्या शब्दावर ठरतं, आणि पुढचा शब्द साच्यात कायम असतो, म्हणून तिथे धोका नाही. नावाआधीचं श्री., श्रीमती, कुमारी हे सरळ काढून टाकलं. एका रकान्याची आणि बऱ्याच मनस्तापाची बचत झाली.

अनेकवचनाचंही तसंच. 'प्रश्न' एक असो की पाच, शब्द बदलत नाही, म्हणून तो सोयीचा. 'चूक' मात्र एक आणि 'चुका' चार. "१ चुका झाल्या" असं छापून येण्यापेक्षा 'चुकांची संख्या: १' लिहा.

आता वाक्यात काय लिहायचं. चार कौशल्यं, प्रत्येकी चार पट्टे, म्हणजे १६ वाक्यं, आणि आकडा नसल्याच्या खुणांची वेगळी. एवढीच वाक्यं शंभर जणांच्या कागदांवर फिरणार आहेत, म्हणून प्रत्येकावर अर्धा तास गेला तरी तो वाया नाही. माझी कसोटी अशी: वाक्यातलं विधान परीक्षेत जे दिसलं त्याच्या पलीकडे जातं का? 'तर्कशक्ती उत्तम', 'मेहनती', 'नेतृत्वगुण आहेत' ही माणसाबद्दलची विधानं झाली. २० प्रश्नांवरून मेहनत कळत नाही. मापनाच्या प्रॅक्टिकलचं आमचं तिसऱ्या पट्ट्याचं वाक्य असं आहे:

"व्हर्नियर आणि मायक्रोमीटर दोन्ही वापरून बहुतेक मापं मान्य फरकात घेतली. मुलाखतीत झिरो एररबद्दल विचारावं."

दुसरा भाग आमच्या क्वालिटी हेडने सुचवला. प्रॅक्टिकलला आम्ही एक पायऱ्यांचा शाफ्ट देतो, त्यावर पाच मापं घ्यायची. व्हर्नियरचा लघुतमांक (मोजता येणारं सर्वात लहान माप) ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१. व्हर्नियरची मापं बरोबर आणि मायक्रोमीटरची सगळी सारख्याच फरकाने थोडी जास्त, असा कागद आला की अनुभवी माणूस लगेच म्हणतो, याने झिरो एरर (उपकरण पूर्ण मिटल्यावर शून्य दाखवतं का ते) बघितलेली नाही. मग हा प्रश्न वाक्यातच घालून ठेवला. मुलाखत घेणाऱ्याच्या हातात निकाल देण्याऐवजी पुढचा प्रश्न दिला तर तो अहवाल खरंच वाचतो, हे मी पाहिलं आहे. सोळाही वाक्यांना अशी शेपटी जमली नाही. पहिल्या मुलाखतीच्या चार वाक्यांना तर मुळीच नाही, कारण ती मुलाखत तोपर्यंत संपलेली असते. जमतील तितकी करा.

सर्वात खालच्या पट्ट्याचं वाक्य लिहिताना विशेष जपा. "ड्रॉइंग समजत नाही" असं न लिहिता "फर्स्ट अँगल प्रोजेक्शनच्या प्रश्नांत बहुतेक उत्तरं चुकली, निवड झाल्यास ड्रॉइंग वाचनाचं प्रशिक्षण सुरुवातीलाच द्यावं" असं लिहिलं तर ते खरंही आहे आणि कामाचंही. आणि हे वाक्य खरं ठरायचं तर त्या परीक्षेत प्रोजेक्शनचेच (वस्तूच्या बाजू कागदावर मांडण्याच्या पद्धतीचेच) प्रश्न जास्त असले पाहिजेत. पेपर बदलला की वाक्यं पुन्हा वाचायची, ही नोंद मी त्या शीटच्या माथ्यावरच लाल अक्षरात करून ठेवली आहे.

वाक्य उचलायला कौशल्याचं छोटं नाव आणि पट्टा जोडून एक खूण तयार करा, जसं 'मापन-३', 'तर्क-गैह'. वाक्यांच्या शीटमध्ये पहिल्या रकान्यात खूण, दुसऱ्यात वाक्य. एक्सलुकअपने ते उचला. तो मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि ऑफिस २०२१ मध्ये आहे, २०१६ किंवा २०१९ असेल तर इंडेक्स आणि मॅच वापरा. इथे मात्र अचूक जुळणी हवी, जवळपासची नको.

वर्डमधला साचा

आता वर्ड. पान ए४, समास २ सेंमी, आणि सगळी मांडणी एका टेबलात. टेबलाच्या प्रॉपर्टीजमधून 'ऑटोमॅटिकली रिसाइझ टु फिट कंटेंट्स' ची खूण काढा, नाहीतर लांब नाव आलं की रकाने सरकतात आणि प्रत्येक अहवाल वेगळा दिसतो. जागा कमी पडली तर ओळीची उंची वाढू द्या, रुंदी नको.

मेलिंग्ज टॅब, स्टार्ट मेल मर्ज, त्यात 'लेटर्स'. मग सिलेक्ट रेसिपियंट्स मधून 'यूज अ‍ॅन एक्झिस्टिंग लिस्ट', एक्सेलची फाइल, त्यातलं छपाईचं शीट. नंतर कर्सर जागेवर ठेवून इन्सर्ट मर्ज फील्डने एकेक रकाना बसवत जा. प्रिव्ह्यू रिझल्ट्स दाबलं की खऱ्या नावांसह पान दिसतं. पुढच्या वेळी ही फाइल उघडताना एसक्यूएल कमांड चालवू का असं वर्ड विचारेल, 'यस' म्हणा. एक्सेलची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली असेल तर दुवा तुटतो, म्हणून दोन्ही एकाच फोल्डरमध्ये कायम ठेवा.

मराठी मजकुराचा फॉन्ट बदलला तरी अक्षर बदलत नाही, ही तक्रार हमखास येते. कारण वर्डमध्ये देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार असतो. कंट्रोल आणि डी दाबून येणाऱ्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' चा भाग बघा. तो दिसत नसेल तर ऑफिसच्या भाषांत मराठी जोडा. मी निर्मला यूआय वापरते, ११ आकारात. मंगल चालतो पण ओळींमधलं अंतर जास्त घेतो आणि एका पानाचा हिशेब बिघडतो.

आलेख हवा असा हट्ट असतोच. वर्डच्या मर्जमध्ये प्रत्येकाचा वेगळा आलेख घालणं त्रासाचं आहे, पण एक जुनी युक्ती आहे: एक्सेलच्या 'रेप्ट' फंक्शनने भरीव चौकोन मिळालेल्या मार्कांइतके आणि पोकळ चौकोन उरलेल्या मार्कांइतके छापायचे. २० पैकी १२ असे दिसतात:

■■■■■■■■■■■■□□□□□□□□

हा मजकूरच आहे, त्यामुळे बिनतक्रार मर्ज होतो आणि काळ्यापांढऱ्या प्रिंटरवरही वाचता येतो. लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांवर अवलंबून राहिलात तर ऑफिसच्या लेझर प्रिंटरवर तिन्ही राखाडी येतील.

तळटीपेत पान क्रमांक घालायचा असेल तर सांभाळा. मर्ज झाल्यावर सगळे अहवाल एकाच फाइलमध्ये येतात, प्रत्येकाचा वेगळा सेक्शन. एकूण पानं दाखवायला नेहमीचं 'नमपेजेस' फील्ड वापरलं तर '१३० पैकी १' असं येतं. त्याऐवजी 'सेक्शनपेजेस' वापरा आणि पान क्रमांक प्रत्येक सेक्शनला १ पासून सुरू होईल असं ठेवा. तिथेच उमेदवार क्रमांक आणि साच्याची आवृत्ती, उदाहरणार्थ 'साचा ३', बारीक अक्षरात येऊ द्या. भरती चालू असताना कोणी वाक्य बदललं तर कोणते कागद आधीचे आणि कोणते नंतरचे हे त्यावरून कळतं.

शिफारशीची जागा मात्र रिकामी. 'निवड करावी', 'करू नये' हे शब्द माझ्या कुठल्याही फॉर्म्युल्यात नाहीत. चार रेघा, नाव, सही, तारीख. तिथे माणसाने पेनाने लिहायचं.

पहिल्या ८ ओळींचा घोटाळा

हे वेगळं लिहिते आहे कारण यात माझे दोन दिवस गेले. वर्ड एक्सेलमधला डेटा ज्या ड्रायव्हरमार्फत (दोघांना जोडणाऱ्या छोट्या प्रोग्राममार्फत) वाचतं तो साधारणपणे पहिल्या ८ ओळी बघून रकान्याचा प्रकार ठरवतो. पहिले आठही जण हजर असतील आणि रकान्यात आकडे असतील तर तो रकाना आकड्यांचा समजला जातो, आणि नवव्या ओळीतला 'गैह' शून्य होऊन किंवा गायब होऊन येतो. म्हणजे एक्सेलमध्ये एवढी काळजी घेऊनही तोच अपघात पुन्हा. मजकुराचंही तसं: पहिल्या आठ ओळींत वाक्यं २५५ अक्षरांच्या आत असतील तर पुढचं लांब वाक्य २५५ वर कापलं जाऊ शकतं. अर्धवट वाक्याने संपणारा अहवाल दिसला तर हेच कारण शोधा.

छपाई शीटमध्ये सगळं मजकूर केलं की पहिला भाग सुटतो. दुसऱ्यासाठी मी शीटची पहिली ओळ एका खोट्या उमेदवाराला दिली आहे. त्याच्या प्रत्येक रकान्यात ३०० अक्षरांचा निरर्थक मजकूर. मर्ज पूर्ण करताना 'फ्रॉम' मध्ये २ टाकायचं, म्हणजे तो छापला जात नाही.

फॉर्म्युले ५०० ओळींपर्यंत ओढून ठेवले असतील आणि उमेदवार १३० च असतील तर ३७० कोरे अहवाल निघतील. एडिट रेसिपियंट लिस्टमध्ये जाऊन 'उमेदवार क्रमांक रिकामा नसलेले' असा फिल्टर लावा.

छापण्याआधी

खऱ्या उमेदवारांवर साचा पारखू नका. कायमचे सात-आठ चाचणी उमेदवार तयार ठेवा: सगळ्यांत पूर्ण मार्क, सगळ्यांत खरं शून्य, बरोबर ६० टक्के, ५९.६, एका फेरीला 'गैह', सगळ्या फेऱ्यांना 'बाकी', चार शब्दांचं लांबलचक नाव, आणि फक्त एकाच शब्दाचं नाव. फॉर्म्युल्यात किंवा साच्यात काहीही बदललं की या सगळ्यांचे कागद काढून वाचायचे. वीस मिनिटं लागतात.

मग खरा गठ्ठा. फिनिश अँड मर्ज मधून 'एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स' घ्या, थेट प्रिंट नको. पानांची संख्या उमेदवारांच्या संख्येइतकी आहे का ते आधी पाहा. एक पान जास्त असेल तर कोणाचा तरी अहवाल दुसऱ्या पानावर गेलाय. त्यानंतर पाच कागद कसेही उचला आणि मूळ उत्तरपत्रिकांशी ताडून पाहा. एक्सेलशी नव्हे, उत्तरपत्रिकेशी. एकदा कोणीतरी मार्कांचा एकच रकाना सॉर्ट केला होता, नावं जागेवर आणि मार्क खालीवर. एक्सेलशी ताडलं असतं तर सगळं बरोबरच दिसलं असतं.

प्रत्येकाची वेगळी पीडीएफ हवी असेल तर वर्ड स्वतःहून देत नाही; मॅक्रो (वर्डच्या आतला छोटा प्रोग्राम) लिहावा लागतो किंवा अ‍ॅक्रोबॅटची जोड लागते. ज्यांचं सगळं गूगलवर आहे त्यांना तो मार्ग सोपा. गूगल डॉक्समध्ये दुहेरी महिरपी कंसात खुणा लिहून साचा करायचा आणि अ‍ॅप्स स्क्रिप्टने (गूगलमधल्या छोट्या प्रोग्रामने) शीटच्या प्रत्येक ओळीसाठी प्रत काढून खुणा बदलायच्या. तिथले खाचखळगे वेगळे. मुख्य मजकुरातल्या खुणा बदलल्या तरी हेडर-फूटरमधल्या तशाच राहतात, त्यांना वेगळं सांगावं लागतं. पीडीएफ करण्याआधी डॉक्युमेंट 'सेव्ह अँड क्लोज' केलं नाही तर पीडीएफमध्ये न बदललेल्या खुणा दिसतात. आकडे आणि तारखा जशा दिसतात तशाच हव्या असतील तर शीटमधून 'डिस्प्ले व्हॅल्यूज' घ्या. आणि स्क्रिप्ट एका वेळी ६ मिनिटांच्या वर चालत नाही, म्हणून झालेल्या ओळीपुढे 'झालं' लिहीत जा. पुढच्या फेरीत ती तिथून सुरू करता येते.

कागद कुठे जातात

फाइलच्या नावात उमेदवाराचं नाव नको, क्रमांक पुरे. अहवाल कधीही सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, प्रत्येक हेडला फक्त त्याच्या विभागाच्या उमेदवारांचं फोल्डर. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट, २०२३ हा कायदा संमती आणि हेतू यांवर उभा आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती ठेवून देण्याला कारण लागतं. म्हणून अर्जावरच लिहा की परीक्षेचे मार्क कशासाठी वापरणार आणि किती दिवस ठेवणार. निवड न झालेल्यांचे अहवाल कधी पुसायचे ती तारीख आम्ही कच्च्या मार्कांच्या शीटमध्ये, शेवटच्या रकान्यात लिहितो. शेजारी 'पुसलं' असा एक रकाना आहे, तिथे पुसणाऱ्याची आद्याक्षरं.

आणि साहेबांकडे गठ्ठा देताना वरती एक वेगळा कागद ठेवा, त्यावर फक्त 'मूल्यमापन अपूर्ण' असलेल्यांचे क्रमांक आणि कोणाची कोणती फेरी बाकी. यंदा त्या कागदावर सहा क्रमांक होते. सहाही जणांना पुढच्या शनिवारी प्रॅक्टिकलला बोलावलं, पाच आले.